डिकीतली उशी

गाडी आली तेव्हा घरात चार माणसं होती आणि गाडीत पाच जागा. त्यामुळे सगळ्यांची मनं मोठी होती.

छोटी एसयूव्ही. बाहेरून दांडगी, आत खुराडं. पण दादाला उंच बोनेटची ऐट हवी होती. तो फरशीच्या दुकानात मॅनेजर होता. 'दिसते संगमरवरासारखी, पडते स्वस्त' असं दिवसभर गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्याला स्वतःलाही तसलंच काहीतरी हवंसं वाटायला लागलं होतं. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. आई काही करायची नाही. तिचे गुडघे दुखायचे आणि सगळं घर त्या गुडघ्यांवर चालायचं. चौथी दादाची धाकटी बहीण. ती जन्मापासून काडीसारखी, म्हणून तिला बारकी म्हणायचे. तिचं लग्न का झालं नाही हे नातेवाइकांनी विचारून विचारून संपवलं होतं. आता कुणी विचारत नव्हतं, आणि त्यालाच घरात सुख म्हणत.

बारकी सीट कव्हर शिवायच्या दुकानात कामाला होती. रेक्झिन आणि फोमचे जाड थर, वर दांडगं मशीन, उजव्या पायाखाली पॅडल. पाय किती दाबायचा, यात त्या कामाची सगळी अक्कल. जरा जास्त दाबला की सुई बोटातून आरपार. बारकीच्या दहाही बोटांना भोक नव्हतं. दुकानाचा मालक नव्या पोरांना सांगायचा, "हिचा पाय बघा, हात नंतर बघा."

दादाच्या गाडीची कव्हरं तिनेच शिवली. तपकिरी रेक्झिन, कडेने पांढरी पायपिंग. आणि शिवताना तिने एक लबाडी केली. ड्रायव्हरच्या मागची जागा आपली, असं तिने मनाशी धरलं होतं. त्या एका सीटमध्ये तिने फोमचा डबल थर घातला आणि वरून असा सफाईने ताणला की कुणाला कळू नये. आयुष्यात तिने स्वतःसाठी केलेली लबाडी बहुतेक ती एकच.

थोडे दिवस ती त्या सीटवर बसली. मग दादाला मुलगी झाली, थोरली. तोपर्यंतही ठीक होतं, पाच जागा, पाच माणसं. मग धाकटा झाला.

धाकट्याच्या बाळसीटला पट्टे होते, आणि ते पट्टे ड्रायव्हरच्या मागेच नीट बसत होते. पहिल्यांदा सगळे बाहेर निघाले तेव्हा वहिनीने दारात उभं राहून हिशेब केला. "हे चालवणार. सासूबाई पुढे, गुडघे आहेत. बाळ मागे, त्याच्या शेजारी मी, त्याला अंगावर घ्यावं लागतं. थोरली खिडकीत, नाहीतर ओकते." मग ती थांबली. उत्तर आलं होतं, पण मोठ्याने म्हणायचं दुसऱ्या कुणीतरी.

"मी राहते घरी," बारकी म्हणाली. कुणीतरी 'छे छे' म्हणेल असं तिला वाटलं.

"तू राहिलीस तर पोरांना कोण बघणार?" दादा म्हणाला.

तोडगा आईने काढला. ती तोवर पुढच्या सीटवर बसलीही होती. खिडकीची काच खाली करून म्हणाली, "घरी कशाला? माझी बारकी कुठेही मावते."

दादाने डिकी झाकायचा ट्रे काढून पार्किंगमध्ये भिंतीला टेकवला. तो ट्रे पुन्हा कधी गाडीत गेला नाही.

पुढची काही वर्षं बारकी डिकीत बसून फिरली. गुडघे हनुवटीला, एका बाजूला पाण्याचा कॅन, दुसऱ्या बाजूला पोरांची पिशवी. तोंड मागे. पुढे काय येतंय ते बाकीच्यांना दिसायचं. बारकीला फक्त गेलेलं दिसायचं, आणि मागून येणाऱ्या गाड्यांमधली माणसं. काही जण हसायचे. एका बाईने एकदा हात केला, तर बारकीनेही केला आणि मग घरी येईपर्यंत मान खाली घालून बसली.

डिकीचं दार आतून उघडत नाही. त्यामुळे वाटेत चहाला थांबले की कुणीतरी येऊन उघडेपर्यंत ती आत. कधी लगेच आठवण व्हायची, कधी चहा पिऊन झाल्यावर. पोलीस दिसला की दादा पुढून ओरडायचा, "डोकं!" की ती पिशवीवर आडवी. आणि निघताना दार लावायच्या आधी त्याचा एक ठरलेला विनोद होता. सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारायचा, "सामान बसलं का?" आत पोरं खिदळायची. आईसुद्धा हसायची, पदर तोंडाला लावून.

बारकीने दुकानातल्या उरलेल्या रेक्झिनची एक उशी शिवली. तेच तपकिरी, तीच पांढरी पायपिंग. डिकीचा पत्रा टोचायचा म्हणून. वहिनी म्हणाली, "अगदी मॅचिंग केलंस हो." ते कौतुक होतं.

मोठी गाडी घ्यायचं अधूनमधून निघायचं. सात सीटची. दादा मोबाइलवर फोटो दाखवायचा, बारकी तिसऱ्या रांगेचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायची. "ह्याचं कव्हर सोपं आहे," म्हणायची. मग वहिनी म्हणायची, "आहे ती काय वाईट आहे? सगळे मावतो की आपण." विषय मिटायचा.

एका रविवारी तळ्यावरून सगळे परत येत होते. दुपारची वेळ, गाडी सिग्नलला उभी. पुढे गाणी मोठ्याने लावलेली. बारकीला मागून टेम्पो येताना दिसला. ड्रायव्हरची मान खाली होती, मांडीवरच्या मोबाइलकडे. मान वर येईल म्हणून तिने वाट पाहिली. आली नाही.

"दादा, पुढे घे! दादा, गाडी पुढे घे!"

"सामान ओरडतंय," धाकटा म्हणाला आणि गाडीत हशा झाला.

त्या हशावरच टेम्पो येऊन आदळला.

पुढे बसलेल्यांना नुसता धक्का बसला. आईचा चष्मा पडला. थोरलीच्या हातातला डबा सांडला. दादा खाली उतरला, मागे गेला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "अरे, दिवा गेला की. गेल्या महिन्यातच बदलला होता."

डिकीचं दार आत चेपलं होतं. बारकीचं उजवं पाऊल त्या दारात आणि पाण्याच्या कॅनमध्ये सापडलं होतं. ती ओरडत नव्हती. तिने उशी तोंडात धरली होती. दार उघडेना, म्हणून दादा आणि टेम्पोवाल्याने पहार लावली. पाऊल बाहेर आलं तेव्हा वहिनीने पोरांचे डोळे झाकले.

टेम्पोवाला रडत होता. त्याला वाटलं, आता पोलीस. पण पोलिसांचं भय त्याच्यापेक्षा दादाला जास्त होतं. डिकीत माणूस कोंबलं होतं हे पुढे आलं तर विमा गेला, लायसनही जाईल. त्याने टेम्पोवाल्याच्या खांद्यावर हात टाकला. "हे बघ, तू कुणाला लागलं म्हणून सांगू नकोस, मीही सांगत नाही. फक्त पत्र्याला पत्रा लागला. हिला तेवढं दवाखान्यात सोड. मी इथे गाडीचे फोटो काढतो."

अशी बारकी दवाखान्यात गेली. टेम्पोत, पुढच्या सीटवर. ज्याने तिचं पाऊल चिरडलं त्यानेच तिला उचलून बसवलं, सीट मागे केली, पट्टा लावला. पट्टा लावताना विचारलं, "ताई, नीट बसलात ना?"

कितीतरी वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा मात्र तिला रडू आलं. तो बिचारा समजला, पाय दुखतोय.

दवाखान्यात वहिनीचा फोन आधीच पोचला होता. जिन्यावरून पडली. डॉक्टरांनी पावलाकडे बघितलं, बारकीकडे बघितलं. "जिना लोखंडी होता का?" तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते डॉक्टरांनीच ठरवलं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तो घरीच. गाडी चालत होती, नुसती मागून चेपलेली, इमारतीखाली उभी. सगळं घर खाली उतरलं होतं. बारकी प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसली होती. तिला घरातच ठेवायचं ठरलं होतं, पण आई म्हणाली, लपवलं तर संशय येईल. आईचं डोकं अशा वेळी तरुण व्हायचं.

सर्व्हेअर पेपरमिंट चघळत गाडीभोवती फिरला. "गाडीत किती जण होते?"

"पाच," वहिनी म्हणाली. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर बरोबर आल्यावर म्हणावं तशी.

"पाच," दादा म्हणाला.

"पाच," धाकटा म्हणाला आणि त्याने पंजा दाखवला. त्याला पढवलं होतं. बदल्यात आइस्क्रीम होतं.

"आणि या?"

"माझी बहीण. घरीच होती ती. जिन्यावरून पडली."

"त्याच दिवशी?"

"दिवसच वाईट होता हो," आई म्हणाली.

सर्व्हेअरने वाकून डिकीत टॉर्च मारला. हात घालून उशी बाहेर काढली. ती मधोमध दबलेली होती, एका कोपऱ्यावर दातांचे व्रण. मग त्याने चेपलेल्या दाराच्या फटीतून दोन बोटांनी काहीतरी ओढलं. लांब काळा केस. तो ओढत राहिला आणि केस येतच राहिला.

"ही कुणाची जागा?"

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीला या गणिताची रीत येत नव्हती. थोरली बारकीकडे बघायला लागली, तर तिला आईने चिमटा काढला. चिमटा काढता काढताच म्हणाली:

"कुत्र्याची."

"कुत्रा आहे तुमच्याकडे?"

"आहे की. लांब केसांचा. फार लाडाचा. आपला आपला मागे बसतो, कुठेही मावतो."

सर्व्हेअर उशीवरचे ते व्रण बघत राहिला. मग बारकीसमोर येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला सगळं कळलं होतं, फक्त कुणीतरी बोलायला हवं होतं. "ताई, खरं का? कुत्र्याची आहे ही?"

बारकीने आईकडे बघितलं. आईने नजर चुकवली नाही, हे विशेष. तिने गुडघ्यांवर हात ठेवले होते आणि चेहरा असा केला होता, की जणू बारकीच तिच्या गुडघ्यांवर उभी आहे.

"हो," बारकी म्हणाली. "गरीब आहे. भुंकत नाही."

सर्व्हेअरने उशी तिच्या मांडीवर ठेवली. "गाडी दुरुस्त झाली की फोटो काढायला येईन. तेव्हा कुत्रा दाखवा."

म्हणून कुत्रा आणला. वहिनीच्या भावाकडून, लांब केसांचा, काळा. बंड्या. सर्व्हेअर परत आला, त्याने गाडीचे फोटो काढले आणि कुत्र्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पण आता पोरांना बंड्याची सवय झाली होती.

प्लास्टर निघालं तेव्हा बारकीच्या हातात काठी आली. पाऊल जागेवर होतं, त्यात जीव नव्हता. पॅडलवर ठेवलं तर कधी दाबलं जायचं नाही, कधी एकदम सगळं दाबलं जायचं. तिसऱ्या दिवशी सुई बोटातून गेली. मालक म्हणाला, "राहू दे, तू हातशिलाई कर." म्हणजे दोरे तोडायचे, मापं घ्यायची. नव्या पोरांना आता तो कुणाचाच पाय दाखवत नव्हता.

गाडी पुन्हा रविवारी बाहेर पडायला लागली. काठी टेकत बारकी फाटकापर्यंत जायची, फाटक लावून घ्यायला. पहिल्या दिवशी बंड्याला डिकीत त्या तपकिरी उशीवर बसवलं. दादाने सवयीने विचारलं, "सामान बसलं का?" बंड्या असा केकाटला की धाकटा भोकाड पसरून रडायला लागला.

"त्याला मागे भीती वाटते! त्याला काही दिसत नाही!"

"अहो, घ्या ना त्याला पुढे," वहिनी म्हणाली. "मुकं जनावर ते. मागे पत्र्यात काय कोंबायचं?"

"सरका जरा," दादा म्हणाला.

आणि सगळे सरकले. वहिनी इकडे, थोरली तिकडे, मधे चांगली वीतभर जागा निघाली. बंड्या तिथे बसला. पाचांच्या गाडीत सहा. सगळे मावले.

बारकी फाटक धरून उभी होती. गाडी गेली तरी तिने फाटक लावलं नाही. त्या वीतभर जागेत ती बसली असती. काडीसारखी होती ना ती.

उशी डिकीतच पडून राहिली. बंड्याला दात शिवशिवायला लागले तसा त्याने एक दिवस तिचा भुगा केला.

मग वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले.

तिने जेवताना सांगितलं. दादा खूश झाला, पोरांनी ताटं वाजवली. दादा म्हणाला, "आता गाडी मोठी घ्यावी लागणार!" वहिनी म्हणाली, "आहे ती अजून दहा वर्षं काढेल. करू काहीतरी ॲडजस्ट." असं म्हणून तिने मनातल्या मनात मांडणी केली. चालवणारा एक. ती स्वतः, अंगावरच्या बाळासाठी. बाळसीट. थोरली. धाकटा. झाले पाच. तिने एकदाही बारकीकडे बघितलं नाही; बारकी त्या हिशेबात नव्हतीच. तिची नजर ताटावरून उठली आणि आईवर जाऊन थांबली. क्षणभरच. मग ती म्हणाली, "सासूबाई, आमटी वाढू?"

आईने ती नजर ओळखली. तिनेच तर ती घरात आणली होती.

सगळे उठल्यावर आई खुर्चीतच बसून राहिली. पदराखाली बोटं मोजत होती, पुन्हा पुन्हा, कुठे चुकतंय का बघत. बारकी टेबल पुसत होती. पुसता पुसता तिने आईचं मनगट अंगठ्यात आणि बोटात धरलं. बांगडी ढिली झाली होती.

"आई," ती म्हणाली, "किती बारीक झालीस गं. आता कुठेही मावशील."

आईने हात ओढून घेतला. "जीभ झडो तुझी."

"झडू दे. पाय गेलाच आहे, आता जिभेने काय कमी होतंय?"

त्या दिवसापासून आईचं डोकं फिरलं असं घरातले म्हणतात. फिरलं नव्हतं. ठिकाणावर आलं होतं. रविवारी सगळे उठायच्या आधी तिची आंघोळ उरकलेली असायची. गुडघे गेले खड्ड्यात. ती कठडा धरून एकटी जिना उतरायची, दादाच्या खिशातून किल्ली काढलेली असायची, आणि जाऊन पुढच्या सीटवर बसायची. पट्टा लावून. वाटेत कुठे थांबले तर उतरायची नाही. चहा खिडकीतून घ्यायची. लघवीला उतरायला नको म्हणून मग चहाही सोडला. ओठ सुकलेले, हात पट्ट्याच्या कुलपावर.

"सासूबाई, जरा पाय मोकळे करा की," वहिनी गोड आवाजात म्हणायची.

"मी इथेच बरी."

वहिनीचे दिवस भरत आले तसे रविवार कमी झाले. पण आई रोज खाली जाऊन बसायला लागली. गाडी कुठेही जाणार नसली तरी. शेजाऱ्यांना गंमत वाटायची. दादाला लाज वाटायची. "आई, वर चल. लोक हसतात."

"हसू दे. आपण नाही का हसलो?"

तिसरं बाळ झालं. मुलगा. घरी आणायच्या दिवशी दादा बाळसीट घासूनपुसून गाडीशी घेऊन आला, तर आई आत होतीच. पट्टा लावून. धाकटा दाराला लटकून ओरडत होता, "आजी, उठ! माझी जागा बाळाला दिली. पुढे मी बसणार!"

"तू वर थांब ना आई," दादा म्हणाला. "तासाभरात येतो."

"मीही येणार. माझा नातू आहे."

दादाने घाम पुसला. गाडीच्या मागे जाऊन त्याने डिकी उघडली, आत बघितलं आणि बंद केली. पण उघडली होती, हे आईने वरच्या आरशात बघितलं.

तेवढ्यात बारकी काठी टेकत आली. गळ्यात दुकानातली टेप होती. खिडकीशी थांबून तिने काठी दाराला टेकवली आणि टेपचं टोक आईच्या खांद्यावर ठेवलं.

"हे काय करतेस?"

"माप घेतेय. खांद्यापासून खांद्यापर्यंत. आता मांडीचं. जरा सरक."

"कशाला?"

"उशी शिवायची. जुनी बंड्याने फाडली. ती माझ्या मापाची होती, तुला टोचली असती."

आईने दोन्ही हातांनी पट्टा धरला. दादा तिकडे तोंड करून टायरला उगाच लाथ मारत होता. धाकटा दार ओढत होता. कुणीच 'छे छे' म्हणत नव्हतं. आईने त्याची वाट बघितली. बारकीने टेप धरून ठेवली, घाई केली नाही. वाट बघणं किती वेळ चालतं हे तिला माहीत होतं.

मग आई सरकली. माप घेता येईल एवढी.

"बारके," ती हळूच म्हणाली, "मऊ कर हं जरा. हाडं टोचतात."

"करते ना," बारकी म्हणाली. "डबल फोम घालते."